29 वर्षांनी आलेले धर्मगुरू : श्रीलंकेचे संत जोसेफ वाझ



16 जानेवारी हा संत जोसेफ वाझ ह्यांचा सण. गोव्यात त्यांना प्रेमाने जुझे वाझ म्हणतात. नाताळची धामधूम संपलेली असते, घरातला गोठा आवरून पेटीत ठेवलेला असतो, शाळा सुरू झालेल्या असतात. त्यामुळे हा सण आपल्या लक्षातही येत नाही. यंदा त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्ही ठरवले आहे.

त्याआधी एका प्रश्नाचा विचार करू या. समजा, उद्यापासून आपल्या चर्चला कुलूप लागले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही. घरात रोझरी सापडली तर शिक्षा आणि धर्मगुरूला आसरा दिला तर देहदंड. असे एक-दोन वर्षे नव्हे, 29 वर्षे चालले, तर तिसाव्या वर्षी आपल्यापैकी किती घरांत मुलांना खुणेची प्रार्थना येत असेल? हा कल्पनेतला खेळ नाही. आपल्या शेजारच्या बेटावर हे घडलेले आहे.

बेट आणि त्याचा इतिहास

नकाशावर श्रीलंका भारताच्या टोकाशी ओघळलेल्या थेंबासारखी दिसते. धनुष्कोडीपासून तलैमन्नारपर्यंतचे समुद्राचे अंतर जेमतेम 30 किलोमीटर आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त. पण एवढ्याशा जागेत निसर्गाची किती रूपे! उत्तरेला जाफन्याची सपाट, चुनखडीची जमीन. तिथे नदी नाही, माणसे विहिरींच्या पाण्यावर जगतात आणि जिकडेतिकडे ताडाची झाडे दिसतात. मध्यभागी उंच डोंगर. पिदुरुतलागला हे सर्वांत उंच शिखर 2,524 मीटरचे आहे. श्रीपाद नावाचे दुसरे शिखर बौद्ध, हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा चौघांनाही पवित्र वाटते. नैर्ऋत्येचा पाऊस दक्षिण-पश्चिम भागाला भिजवतो. उत्तर आणि पूर्व भागाला मात्र वर्षाअखेरीच्या ईशान्य पावसाची वाट पाहावी लागते. म्हणूनच तिथल्या जुन्या राजांनी हजारो तलाव बांधून ठेवले.

ह्या बेटावर बहुसंख्य लोक सिंहली बोलणारे बौद्ध. उत्तरेला आणि पूर्वेला तमिळ हिंदू. किनाऱ्यावर व्यापारी मुस्लिम. पश्चिम किनाऱ्यावरच्या रानात दालचिनी उगवायची आणि तिच्यासाठीच युरोपातली जहाजे येऊ लागली. 1505 साली पोर्तुगीज आले. 1543 पासून फ्रान्सिस्कन मिशनरींनी कामाला सुरुवात केली. 1557 साली कोट्टेचा राजा धर्मपाल ह्याने बाप्तिस्मा घेतला आणि बौद्ध विहारांच्या जमिनी मिशनरींना दिल्या. पुढे त्याने आपले राज्यच पोर्तुगालच्या राजाच्या नावे लिहून दिले. 1619 साली जाफन्याचे तमिळ राज्य पोर्तुगीजांनी जिंकले आणि पुढे तिथले नल्लूरचे मोठे मंदिर पाडले.

हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. पण इतिहास अर्धाच सांगितला तर संतांचे जीवनही अर्धेच समजते. बेटावर श्रद्धेने ख्रिस्ताकडे आलेले कितीतरी लोक होते. 1544 साली मन्नारच्या ख्रिस्ती लोकांनी जाफन्याच्या राजाच्या हातून मरण पत्करले, पण येशूला सोडले नाही. तरीही सामान्य सिंहली आणि तमिळ माणसाच्या नजरेला क्रूस आणि पोर्तुगीज तोफ एकाच जहाजातून उतरताना दिसले, हे नाकारता येत नाही.

मग डचांची पाळी आली. कँडीच्या राजाशी हातमिळवणी करून त्यांनी 1656 साली कोलंबो आणि 1658 साली जाफना घेतले. डच हे काल्विनपंथी प्रोटेस्टंट होते आणि कॅथोलिक म्हणजे पोर्तुगीजांचे हस्तक असा त्यांचा हिशेब होता. धर्मगुरूंना हाकलण्यात आले. चर्चेस डचांच्या उपासनेसाठी घेतली गेली. धर्मगुरूला लपवणाऱ्याला देहदंडाची शिक्षा जाहीर झाली. बाप्तिस्मा आणि लग्न डच चर्चमध्ये नोंदवल्याशिवाय वारसाहक्क धड मिळेना. लोक नोंदीपुरते तिथे जात आणि घरी येऊन दार लावून रोझरी म्हणत.

ज्या सत्तेच्या सावलीत श्रद्धा आली होती ती सत्ता गेली. आता श्रद्धा उरते की नाही, ह्याची परीक्षा सुरू झाली.

बाणावलीचा मुलगा

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी साष्टी तालुक्यातील बाणावली येथे, आईच्या माहेरी झाला. वडील क्रिस्तोवाव वाझ सांकवाळचे, आई मारिया दे मिरांदा. घरची बोली कोकणी. लॅटिन आणि पोर्तुगीज शिकून ते गोव्यातील येशूसंघीयांच्या संत पॉल कॉलेजात गेले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान त्यांनी डॉमिनिकन धर्मगुरूंच्या हाताखाली पूर्ण केले. 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर ते पायांत काही न घालता चालू लागले, कारण गोरगरीब तसेच चालत होते. 1677 साली त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतले.

श्रीलंकेतील ख्रिस्ती लोकांची बातमी त्यांच्या कानावर आली होती आणि तिकडे जाण्याची त्यांची इच्छा होती. पण वरिष्ठांनी 1681 साली त्यांना कानडा प्रदेशात पाठवले. मंगळूर, बसरूर, बारकूर, गंगोळी ह्या भागात त्यांनी विखुरलेली कुटुंबे गोळा केली. तिथे त्या काळी पोर्तुगालच्या राजाने नेमलेले धर्माधिकारी आणि रोमने थेट नेमलेले धर्माधिकारी ह्यांच्यात अधिकाराचा वाद धुमसत होता. जोसेफ वाझ ह्यांनी वाद वाढू दिला नाही. लोकांची सेवा करत राहिले आणि 1684 साली गोव्याला परतले.

गोव्यात तेव्हा एक अन्याय सर्रास चालत असे. देशी तरुण धर्मगुरू होऊ शकत, पण युरोपीय संन्यस्त संघांचे दरवाजे त्यांना बंद होते. म्हणून काही देशी धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात चमत्कारी क्रूसाच्या चर्चजवळ एकत्र राहायला सुरुवात केली होती. जोसेफ वाझ त्यांना मिळाले, त्यांचे प्रमुख झाले आणि ह्या गटाने संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरेटरी संघाची जीवनपद्धती स्वीकारली. ज्यांना दुय्यम मानले गेले त्याच धर्मगुरूंनी पुढे जवळजवळ दीड शतक श्रीलंकेची ख्रिस्तसभा सांभाळली.

गळ्यात रोझरी, हातात भिक्षापात्र

1686 साली जोसेफ वाझ गोव्याहून निघाले. राजाचे पत्र नाही, जहाज नाही, शिपाई नाही. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. पायी मजल दरमजल करत ते तुतीकोरीनला पोहोचले. तिथेही डचांचाच पहारा होता. धर्मगुरूचा वेश उतरवून, मजुरासारखे कपडे घालून 1687 साली ते होडीत बसले. वाटेत वादळ लागले. मन्नारचा किनारा गाठून पुढे ते जाफन्याला आले ते आमांशाने खंगलेल्या अवस्थेत. रोग पसरेल म्हणून लोकांनी त्यांना वस्तीबाहेर ठेवले. एका दयाळू बाईने त्यांना पेज आणून दिली. ह्या बेटावरचे त्यांचे पहिले अन्न ते हे, एका परक्या स्त्रीच्या हातची पेज.

बरे झाल्यावर कॅथोलिक कोण हे शोधायचे कसे? विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाराही पकडला गेला असता. त्यांनी गळ्यात रोझरी घातली आणि दारोदार भिक्षा मागू लागले. भिक्षा वाढताना कोणाची नजर त्या माळेवर थबकते हे ते पाहत. एका घरी तशी नजर दिसली. हळूहळू विश्वास बसला आणि एका रात्री, बंद दाराआड, जाफन्यात पुन्हा मिस्सा झाली.

बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबू या. फादर आले ही मोठीच गोष्ट झाली. पण ते आले तेव्हा त्यांना ओळखणारे कोणीतरी शिल्लक होते, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. 29 वर्षे कोणत्या तरी आजीने नातवंडांना ती माळ काय आहे हे सांगितले होते. 1658 साली जन्मलेले मूल आता 29 वर्षांचे झाले होते. त्याने उघड मिस्सा कधीच पाहिली नव्हती, तरी त्याला रोझरी ओळखता येत होती.

जाफन्याजवळचे सिल्लालै हे कॅथोलिक गाव त्यांचा तळ बनले. दिवसा लपायचे, रात्री संस्कार द्यायचे. 1689 च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यात छापा घातला. धर्मगुरू हाती लागले नाहीत, पण जमलेले लोक पकडले गेले. काल्विनपंथ सोडून कॅथोलिक झालेले दों पेद्रू मारहाणीने मेले. इतर काहींना सक्तमजुरी झाली. आपल्यामुळे लोकांचे हाल होतात हे पाहून जोसेफ वाझ ह्यांना काय वाटले असेल ह्याची कल्पना करवत नाही. 1690 साली ते कँडीच्या राज्यातील पुत्तळम येथे गेले, कारण तिथे डचांचा हात पोहोचत नव्हता.

बौद्ध राजाच्या नगरीत

कंद म्हणजे सिंहलीत डोंगर, त्यावरूनच कँडी हे नाव आले. सभोवती डोंगर, जंगल आणि महावेली नदीचे वळण ह्यांमुळे पोर्तुगीज किंवा डच दोघांनाही हे राज्य जिंकता आले नव्हते. बुद्धाचा दंतावशेष इथल्या मंदिरात आहे आणि त्याची एसळ पेरहेर ही हत्तींची मिरवणूक आजही निघते. जोसेफ वाझ बेटावर उतरले त्याच 1687 साली राजा दुसरा राजसिंह वारला आणि दुसरा विमलधर्मसूर्य गादीवर आला होता.

1692 साली जोसेफ वाझ कँडीला पोहोचले ते कैदी म्हणून. पोर्तुगीजांचा हेर अशी चहाडी कोणीतरी आधीच केली होती. संशय समजण्यासारखा होता, क्रूस घेऊन आलेल्या माणसांचा अनुभव त्या राज्याला चांगला नव्हता. जोसेफ वाझ ह्यांनी तक्रार केली नाही. कैदेत बसून त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. पहारा ढिला झाल्यावर अंगणात झोपडीवजा चर्च उभे केले आणि नाताळची मिस्सा केली. हळूहळू नगरातले कॅथोलिक तिथे येऊ लागले.

पुढे कँडीत दुष्काळ पडला. भातशेती करपली. राजाने आधी भिक्षूंना प्रार्थना करायला सांगितले, पाऊस आला नाही. मग त्याने ह्या परदेशी कैद्याला सांगितले. परंपरा अशी सांगते की जोसेफ वाझ ह्यांनी चौकात वेदी मांडून क्रूस उभा केला, गुडघे टेकले आणि मुसळधार पाऊस आला. राजाने त्यांना राज्यात फिरण्याची मोकळीक दिली.

पावसाची ही कथा श्रीलंकेत सर्वांना ठाऊक आहे. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती 1697 सालची गोष्ट. त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार नगर सोडून गेला. रोग्यांना त्यांच्याच नातेवाइकांनी घराबाहेर किंवा रानात सोडून दिले. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ काव्‍‌र्हाल्यो मात्र नगरातच राहिले. त्यांनी रोग्यांसाठी आसरे उभे केले, त्यांना भरवले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना पुरले. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारले नाही. पाऊस पाडणे देवाच्या हातात असते. जखमा धुणे मात्र माणसाच्या हातात असते, आणि राजाच्या मनावर खरा ठसा त्याचाच उमटला.

ह्याच राजाने त्याच सुमारास आराकानहून भिक्षू आणवून बौद्ध दीक्षेची खंडित परंपरा पुन्हा सुरू केली. म्हणजे तो आपल्या धर्मात पक्का होता. तरीही युरोपातले ख्रिस्ती ज्या धर्मगुरूला छळत होते, त्याला ह्या बौद्ध राजाने छत्र दिले. आपण हे कृतज्ञतेने आठवले पाहिजे.

भाषा, माणसे आणि शेवट

1697 पर्यंत गोव्याहून काही ओरेटोरियन सोबती येऊन मिळाले होते. कोचीनच्या बिशपांनी जोसेफ वाझ ह्यांना श्रीलंकेसाठी विकार जनरल नेमले. पुढे त्यांना बिशप करण्याची बोलणी झाली, त्यांनी नकार दिला. ते पायी फिरत राहिले. पुत्तळम, कोलंबो, नेगोंबो, त्रिंकोमाली, बट्टिकलोवा असे सारे बेट त्यांनी पालथे घातले. डचांच्या मुलखात वेश बदलून आणि रात्री जात. वर्षातून एखाद्या वेळीच आपण पोहोचू शकतो हे ओळखून त्यांनी गावोगावी प्रापंचिकांमधून मुप्पू आणि अण्णावी नेमले. मुप्पू म्हणजे गावच्या ख्रिस्ती लोकांचा वडीलधारा, अण्णावी म्हणजे प्रार्थना चालवणारा आणि मुलांना धर्मशिक्षण देणारा. फादर नसतील त्या रविवारी हीच माणसे लोकांना एकत्र आणत.

सिंहली ही आपल्या मराठी-कोकणीची दूरची बहीण आहे. गावाला गम, हाताला अत, कानाला कण म्हणतात. तमिळ मात्र वेगळ्या कुळातली. दोन्ही भाषा शिकल्याशिवाय ह्या बेटाची सेवा होणार नाही हे जोसेफ वाझ ह्यांनी जाणले. 1705 साली दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस आले आणि त्यांनी ह्या कामाला वाहून घेतले. सिंहली आणि तमिळ भाषांत त्यांनी इतके ग्रंथ लिहिले की सिंहली कॅथोलिक साहित्याचे जनक असा त्यांचा मान आहे. परकीयांची मानली गेलेली श्रद्धा ह्या बेटाच्या स्वतःच्या शब्दांत बोलू लागली.

1707 साली विमलधर्मसूर्य वारला. त्याचा मुलगा नरेंद्रसिंह ह्यानेही धर्मगुरूंशी स्नेह ठेवला. चालून आणि उपाशी राहून जोसेफ वाझ ह्यांचे शरीर झिजले होते. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. वय अवघे 59, त्यांतील 24 वर्षे श्रीलंकेत गेली. गोवा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. कँडीतील चर्च पुढे राजकीय उलथापालथीत नष्ट झाले आणि त्यांच्या कबरीची जागाही हरवली. पण त्यांनी जोडलेली माणसे टिकली. डचांचे राज्य 1796 साली गेले, 1806 साली इंग्रजांनी कॅथोलिकांवरील निर्बंध उठवले, तेव्हा श्रीलंकेत जिवंत ख्रिस्तसभा उभी होती. आज त्या देशात दर शंभरांत सुमारे सहा माणसे कॅथोलिक आहेत. त्यांत सिंहलीही आहेत आणि तमिळही. 1983 ते 2009 असे यादवी युद्ध त्या दोन समाजांत पेटले, तेव्हाही एकाच वेदीभोवती दोन्ही भाषांत प्रार्थना करणारे जे थोडे लोक होते, त्यांत हे कॅथोलिक होते.

21 जानेवारी 1995 रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्याच शहरात त्यांना संतपद दिले. त्यानंतर चारच वर्षांनी, 21 एप्रिल 2019 च्या पुनरुत्थान रविवारी, कोलंबोतील संत अँथनीचे आणि नेगोंबोतील संत सेबास्टियनचे चर्च बॉम्बस्फोटांनी हादरले. इतर ठिकाणचे धरून अडीचशेहून अधिक माणसे मेली. 21 एप्रिल हा संत जोसेफ वाझ ह्यांचा जन्मदिवस. ती चर्चेस पुन्हा बांधली गेली आणि लोक पुन्हा तिथे मिस्सेला जातात.

आपल्यासाठी

उत्तर कोकणातील आपल्या पूर्वजांवरही अशी वेळ आली होती. 1739 साली वसईच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज निशाण उतरले. तेव्हा देशी धर्मगुरूंनी आणि घरोघरच्या प्रार्थनेने श्रद्धा सांभाळली. सत्तेचा आधार गेल्यावर जे उरते तेच आपले खरे धन असते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर एखाद्या वस्तूचे सत्त्व कोणते आणि तिला चिकटलेले बाहेरचे काय, हे ती बाहेरची गोष्ट काढून घेतल्यावरच कळते.

आज आपल्या चर्चला कुलूप नाही. घंटा वाजते, मिस्सा होते, धर्मशिक्षणाचे वर्गही भरतात. म्हणूनच धोका वेगळा आहे. सारे काही चर्चमध्ये होते, म्हणून घरी काहीच करायला नको असे आपल्याला वाटू लागले आहे. मुलांना प्रार्थना शिकवणे हे सिस्टर आणि फादर ह्यांचे काम, अशी आपली समजूत झाली आहे. जाफन्याच्या त्या आजीने तशी समजूत करून घेतली असती, तर संत जोसेफ वाझ ह्यांना भिक्षा मिळाली असती, पण ओळख पटली नसती.

म्हणून ह्या सणानिमित्त आमची एकच विनंती आहे. ह्या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून घरातल्या सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी आणि ती घरातल्या लहानाने सुरू करावी. त्याला येत नसेल तर आजी-आजोबांनी शेजारी बसून शिकवावी. आणि प्रार्थनेच्या शेवटी समुद्रापलीकडच्या त्या बेटावरील सिंहली आणि तमिळ, बौद्ध, हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती बांधवांसाठी शांती मागावी.

संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू